बॉयलरसाहेब, रजेची तारीख तेवढी कळवा

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रातील संच क्रमांक ६, ७ आणि ८ च्या बॉयलरसाहेबांस, कंधारहून साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आपल्या वार्षिक रजेचा आम्हाला हेवा वाटतो. १९२३ च्या बॉयलर कायद्याने आपली वर्षाकाठची तपासणी ठरवून दिली. शंभर वर्षांनी २०२५ चा नवा कायदा आला, तरी तपासणी काही सुटली नाही. संच थंड होतो, नळ्यांची जाडी मोजली जाते, चिरा शोधल्या जातात, झिजलेले बदलले जाते. तालुक्यातल्या कोणत्याही शेतमजुराची तब्येत इतक्या निगुतीने कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. आपण आराम करता तेव्हा आपली सेवा कोण करतो, हे मात्र आपल्या फायलीत ‘मनुष्यबळ’ या एका शब्दात उरकलेले असते. ते मनुष्यबळ मॅनहोलमधून खांदे तिरपे करून आत शिरते. आत दिवा २४ व्होल्टचा, कारण लोखंडाच्या पोटात त्याहून जास्त दाबाचा हातदिवा नेऊ नये असे कारखाने कायद्याने ठरवून दिले होते. त्या पिवळट उजेडात परांची बांधायची, भिंतीला चिकटलेला राखेचा खडा फोडायचा, आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर भुवया कुठल्या नि राख कुठली, हे आरशालाच विचारायचे.

आपल्या या रजेला ‘नियोजित’ म्हणतात. आमचा सारा वाद त्या एका शब्दाशी आहे. नियोजित कोणासाठी? पश्चिम विभागीय वीज समिती पुढच्या आर्थिक वर्षात कोणता संच कधी बंद राहील याचा आराखडा आधीच ठरवते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण वर्षाच्या मागणी-पुरवठ्याचा ताळेबंद मांडते, त्यातही हे बंद धरलेले असतात. ते रास्तच आहे. २५० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने एक दिवस चालला तर ६० लाख युनिट वीज होते. तेवढी वीज कमी पडणार असेल तर ती दुसरीकडून आणण्याची तजवीज आधी करावी लागते. म्हणजे विजेला आपली रजा महिनोन् महिने आधी कळते, आणि हेल्परला मुकादमाचा फोन येतो तेव्हा: ‘परवा या, आधारकार्ड घेऊन.’ गेटपास आणि मेडिकल होईपर्यंत दोन-तीन दिवस गेटबाहेर बसावे लागले, तर त्याची हजेरी कोण लावतो? पोळ्याची सुट्टी बैलालाही पंचांगात पाहून मिळते.

आणि गंमत अशी की, तारीख कळली तर आपले आणि आमचे वेळापत्रक नवराबायकोसारखे जुळते. पावसाळ्यात कृषिपंप बंद, मागणी उतरलेली, जलविद्युत आणि पवनऊर्जा जोरात. म्हणून मोठ्या दुरुस्तीला हे महिने सोयीचे. इकडे मन्याडच्या खोऱ्यात खुरपणी उरकली की सोयाबीनच्या काढणीपर्यंत हात रिकामे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या गाड्या निघतात. त्याआधीची ही फट. लोहा, पालम, गंगाखेड करत परळी गाठणारा माणूस त्या फटीत महिनाभराची मजुरी बसवू शकतो. पण फोन पेरणीच्या तोंडावर आला तर रान पडीक टाकायचे की काम सोडायचे? (बंदचा दुसराही प्रकार आम्हाला माहीत आहे. २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र थंडावले. त्या बंदला ना आराखडा होता, ना मजुरी. शिवारही तेव्हा कोरडेच होते.)

आपले वकील म्हणतील, तारखा सरकतात. कोळसा, मागणी, सुटे भाग, कशाचा भरवसा नाही. मान्य. पण साखर कारखान्याचा हंगामही सरकतो, तरी टोळी, मुकादम आणि उचल महिने आधी ठरते. (ऊसतोडीची उचल हा काही आदर्श नव्हे, तो फास आहे, पण हंगाम आधी सांगता येतो एवढे तरी त्यातून सिद्ध होते.) सरकलेली तारीखही फलकावर खोडून नवी लिहिता येते. शिवाय रजा पुढे ढकलण्यालाही मर्यादा आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातल्या उंचाहारच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटच्या संचात राख साचलेली असताना संच चालूच राहिला, आणि दुर्घटनेत चाळीसहून अधिक माणसे गेली. दुसरा आक्षेप कौशल्याचा. ठेकेदार आपली सरावाची टोळी आणतो, नवख्यांनी काम लांबवले तर दिवसाला ते ६० लाख युनिट बुडतात. पण हा मुद्दा आमच्याच बाजूचा आहे. दाबाच्या नळ्या जोडायला परीक्षा दिलेला वेल्डरच हवा, यात वाद नाही. तालुक्याच्या आयटीआयतून निघालेल्या पोराला महिनाभर आधी तारीख कळली तर तो त्या परीक्षेच्या तयारीला लागेल, हेल्परचे मेडिकलही आधीच होऊन जाईल. आयत्या वेळी गोळा केलेली माणसेच नवखी असतात.

तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त: काम तात्पुरते, मग हक्क कायमचे कसे मागता? कायमचे मागतच नाही. मोजण्याची पद्धत तेवढी बघा. सलग सेवेसाठी कायदा वर्षात २४० दिवस मोजतो, आणि एका ओव्हरहॉलला साधारण महिना लागतो. परळी, कोराडी, चंद्रपूर, भुसावळ असे फिरत वर्षभर राख खाल्ली तरी प्रत्येक गेटवर मोजणी शून्यापासून, कारण ठेकेदार नवा. १९९५ च्या पेन्शन योजनेत सहा महिन्यांहून कमी सेवा असणाऱ्याला आपल्या खात्यावरची पेन्शनची रक्कमही काढता येत नव्हती. तो नियम जून २०२४ मध्ये बदलला. म्हणजे तुकड्यातुकड्यांनी काम करणारा माणूस सरकारलाही दिसू लागला आहे. आणि मालक अनेक पण कामगार एकच, हे कोडे महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायद्याने सोडवून ठेवले आहे: मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि दिवस कोणत्याही दुकानात भरले तरी निधी एकाच नावावर. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे जमते, ते आपल्या पोटात उतरणाऱ्याला का जमू नये? अमेरिकेत बॉयलर कारागिरांच्या युनियनकडे बेकार सभासदांची यादी असते आणि दुरुस्तीचा हंगाम आला की त्या यादीवरून माणसे पाठवली जातात. आपल्याकडे यादी मुकादमाच्या मोबाइलमध्ये असते, आणि मोबाइल बदलला की माणूसही बदलतो.

तेव्हा विनंती एवढीच, की यंदाच्या रजेचा कागद कंधारच्या तहसील कार्यालयाच्या फलकावर आणि आयटीआयच्या दारावर लावण्यास आपल्या वरिष्ठांना सांगावे. सोबत किती हेल्पर, किती फिटर, किती दिवस, एवढे लिहिले तरी चालेल. रजा पोळ्याच्या आधी असेल तर तसे कळवा. बैल धुऊन येतो.

आपला,
मॅनहोलच्या मापाचा एक कंधारकर