वजन शंभर, श्वास शून्य

जिममध्ये कुणी भोवळ येऊन पडलं की पहिली चौकशी नाश्त्याची होते, नाडीची नंतर, झालीच तर. "सकाळी काय खाल्लं होतंस?" पडलेला डोळे उघडायच्या आत निकालही लागलेला असतो. पोहे म्हणाला तर "नुसते कार्ब्ज!" काहीच नाही म्हणाला तर "उपाशीपोटी करतात का कधी!" चार अंडी म्हणाला तर "मग जड झालं असणार." म्हणजे काहीही खा, आरोपी तुम्हीच. पाचव्या मिनिटाला ट्रेनर काउंटरमागून काळा डबा काढतो. चॉकलेट फ्लेवर, वर मान नसलेल्या माणसाचा फोटो. प्रोटीन पावडर खपवायला भोवळीसारखा दुसरा सेल्समन नाही.

तोवर उरलेल्या मंडळींचा दवाखाना सुरू झालेला असतो. एकजण बगलेत हात घालून त्याला उचलतो आणि बाकावर ताठ बसवतो. दुसरा अर्धवट शुद्धीतल्या तोंडात पाणी ओततो. ते श्वासनलिकेत जाईल हे त्याच्या गावी नसतं. कांदा हुंगवायची आपली जुनी रीत, पण जिममध्ये कांदा कुठला? मग कुणाचा तरी बूट पुढे येतो. तो शुद्धीत असलेल्यालाही आडवा करील असा.

यातल्या एकाच्याही लक्षात येत नाही की पडणाऱ्याच्या शरीराने आपलं काम चोख केलेलं आहे. ते आडवं झालं. आडवं झालं की डोकं आणि हृदय एका पातळीवर येतात, मेंदूकडे रक्त विनाकष्ट पोचतं, आणि बहुतेक माणसं मिनिटभरात आपणहून डोळे उघडतात. पाय उशीभर वर उचलून धरले तर आणखी लवकर. पण आपल्याला माणूस आडवा बघवत नाही. त्याला उठवून बसवलं जातं, तो पुन्हा कलंडतो, आणि "फारच कमजोरी आहे हो" यावर एकमत होतं.

किती किलो, किती सेट, किती रेप, किती ग्रॅम प्रोटीन, सगळ्याची नोंद मोबाइलमध्ये असते. शेवटच्या रेपला श्वास कुठे होता, ते मात्र कुणी लिहीत नाही. तो छातीत कोंडलेला होता. दात आवळलेले, गाल फुगलेले, मानेवरच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटलेल्या, आणि शेजारी मित्र ओरडतोय, "अजून एक! अजून एक!"

या श्वासकोंडीला एका इटालियन माणसाचं नाव आहे. आंतोनियो मारिया वाल्साल्व्हा, बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ. त्याने १७०४ साली कानावर एक ग्रंथ लिहिला. नाक-तोंड बंद करून आतून जोर लावायचा, म्हणजे कानातला पू बाहेर ढकलला जातो, असा त्याचा सल्ला. खंडाळ्याच्या घाटात कानाला दडे बसले की आपण नाक दाबून जे करतो, ते हेच. कानासाठी सांगितलेली ही युक्ती पुढे मांड्यांच्या व्यायामाला जुंपली जाईल, याची त्या गृहस्थाला कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

होतं काय, तर श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब चढतो. हृदयाकडे परतणाऱ्या शिरा त्या दाबाने चेपतात, हृदयात रक्त कमी येतं आणि बाहेरही कमीच जातं. पण त्याच वेळी आवळलेले स्नायू आतल्या रक्तवाहिन्या पिळत असतात, छातीतला दाबही रक्तदाबात मिसळतो, त्यामुळे आकडा मात्र भलताच वर जातो. किती वर? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच मुरलेल्या बॉडीबिल्डरांच्या दंडातल्या धमनीत नळी घालून मोजलं गेलं. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी दाब निघाला ३२० वर २५०. एका पठ्ठ्याचा ४८० वर ३५०च्याही पुढे. १४० दिसले की घरात मीठ बंद होतं, आणि इथे चारशे ऐंशी! घरच्या बीपीच्या यंत्राने तर कधीच 'एरर' दाखवून मान टाकली असती.

हा चढ तब्येतीच्या माणसाला सहसा सोसतो. घात उतारावर होतो. बार रॅकवर धाडकन ठेवला, "हुश्श" म्हणून कोंडलेला श्वास सोडला, पिळलेले स्नायू एकदम सैल पडले, की तोच दाब क्षणात कोसळतो आणि मेंदूचा वाटा काही सेकंद तुटतो. म्हणून डोळ्यांपुढे अंधारी बऱ्याचदा वजन उचलून झाल्यावर येते, आरशाकडे बघून दंड फुगवायच्या नेमक्या मुहूर्तावर.

स्पर्धेतल्या वेटलिफ्टरांनाही ही झीट जुनी ओळखीची. १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये तिच्यावर लेख आला होता. उचलण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यात उकिडवं बसणं, मग श्वास कोंडून उभं राहणं. तिन्ही मिळून माणूस खाली. आपल्या जिममध्ये जड बारपुढे उभं राहून नाकपुड्या फुगवत फूं-फूं करणारा जो वीर असतो, तो ताकद गोळा करत असल्याचा आव आणतो. प्रत्यक्षात मेंदूचा रक्तपुरवठा स्वहस्ते आवळत असतो.

आता कुणी म्हणेल, मग श्वास कोंडूच नये. ट्रेनरही तेच म्हणतो: "ब्रीद, सर, ब्रीद!" हे अर्धंच खरं. स्वतःच्या कमाल ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांपुढचं वजन असलं की श्वास आपोआप कोंडला जातोच, आणि त्या कोंडीने धड ताठ राहतं, कंबर वाचते. वेटलिफ्टरला ते लागतंच. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, मिळून २४८ किलो उचलले आणि एका किलोने सुवर्ण हुकून रौप्य घेतलं. तिथे प्रत्येक वेळी उचल एकच. दोन उचलींच्या मध्ये विश्रांती, शेजारी प्रशिक्षक, पंचांनी खूण केली की बार खाली टाकायची मुभा. आमचा गडी मात्र तीच श्वासकोंडी बारा रेपभर पुरवतो, आणि तेही लग्नाआधी दंड शर्टाच्या बाहीत मावू नयेत एवढ्यासाठी.

टाकायची मुभा म्हटलं, तर तीही आपल्याकडे नाही. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी असते: 'वजने आपटू नयेत. दंड आकारला जाईल.' खाली पतपेढी असते किंवा दाताचा दवाखाना. अंधारी येतेय असं वाटल्यावर बार सोडून देणं हा शहाणपणा, पण पाटी आठवून माणूस तो जपून, हळूहळू, थरथरत ठेवायला जातो. स्क्वॅट रॅकच्या सेफ्टी पिना कोपऱ्यात धूळ खात असतात. त्या लावल्या तर लोक काय म्हणतील?

मोजणारा ट्रेनर हा वेगळाच शत्रू. "सात, आठ, नऊ, नऊ, नऊ..." दहा कधी येत नाही. त्या तीन नवांमध्ये बरेच जण गेले आहेत.

पायाच्या व्यायामाच्या दिवशी तर विचारूच नका. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आकसतात-सुटतात तेव्हा पायातलं रक्त वर ढकलण्याचं कामही तेच करत असतात. सेट संपवून माणूस खांबासारखा उभा राहिला की तो पंप बंद, आणि व्यायामाने रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त खालीच साचतं. सोसायटीत मोटर बंद पडली की पहिल्या मजल्यावर नळ धो-धो आणि सातव्यावर नुसती फुसफुस, तशी गत. मेंदू सातव्या मजल्यावर राहतो. म्हणून सेटनंतर चार पावलं टाकावीत, पाय हलते ठेवावेत. पण सेटनंतर नेमकं काय करतात? आरशापुढे श्वास रोखून, पोट आत घेऊन, निश्चल उभं राहतात आणि सेल्फी काढतात. माझ्या मते जिममधला सर्वांत धोकादायक व्यायाम तो आहे.

तालमीचं कौतुक करायची ही जागा नव्हे. तिथेही पोरं पडायची. पण जोर आणि बैठका यांना वरखाली होण्याची एक लय असते, तिच्याबरोबर दमही चालतो, आणि वस्तादाची नजर पोराच्या चेहऱ्यावर असते. शिवाय पडलंच तर खाली हौदातली तांबडी माती. इथे रबरी मॅट, आणि तिच्यावर कुणीतरी विसरलेली वीस किलोची प्लेट.

उपासाचंही थोडं. श्रावणी सोमवार आणि लेग डे एकाच दिवशी आले तर पुण्यातला माणूस दोन्ही पाळतो. ज्यांना देवाचं वावडं, ते 'सोळा-आठ'चा उपास धरतात आणि पहाटे काळ्या कॉफीवर डेडलिफ्ट मारतात. रात्रभर पाणी नाही, मीठ नाही, आधीच रक्ताचं आकारमान घटलेलं, वर घाम. त्यात प्री-वर्कआउटची पुडी. तिच्यात कॅफीन असतं, बहुतेकदा रक्तवाहिन्या रुंदावणारं सिट्रुलिन असतं, काहींत अंगाला मुंग्या आणणारं आणि चेहरा लाल करणारं नायसिनही. रक्तवाहिन्या सैल व्हाव्यात म्हणून हजारो रुपये मोजायचे आणि दाब उतरला की "हे कसं झालं?" म्हणायचं.

बायकांच्या बॅचला वेगळा न्याय. तिथे चक्कर आली की "तुम्हाला सवय नाही ना मॅडम." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या, महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिनची तपासणी पुडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ. पण मॅडमना सांगितलं जातं, गुलाबी डंबेल घ्या.

आणि एक चक्कर अशी, जिचा यातल्या कशाशीच संबंध नाही. बेंचवर पाठ टेकली किंवा मान वळवली की छत गरगर फिरतं, पंधरा-वीस सेकंदांनी थांबतं, उठताना पुन्हा. ही कानाची. आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागा सोडून भलत्या नळीत शिरले की असं होतं, आणि जाणकार डॉक्टर डोकं विशिष्ट क्रमाने वळवून बहुतेकदा ते तिथून हुसकावून लावतात. ट्रेनर यावर इलेक्ट्रॉल देतो. वाल्साल्व्हाला निदान कानाचं महत्त्व तरी कळत होतं.

थट्टा इथे थांबवतो, कारण पुढची भोवळ थट्टेची नाही. वजन हातात असताना, जोर चालू असताना, काही सूचना न देता शुद्ध गेली. त्याआधी छातीत दुखलं किंवा धडधडलं. विजेसारखी डोकेदुखी आली. किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर बाकावर बसून लिंबूसरबत पिऊ नका. हृदयाचा जाड झालेला स्नायू किंवा अरुंद झालेली झडप अशीच पहिली वर्दी देते. ईसीजी आणि टू-डी इको होईपर्यंत जिमचं दार बंद. साधी अंधारी आली तर मात्र वजन सोडायचं आणि तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं, पाय बेंचवर टाकून. लोक बघतील. बघू देत, तेही धापा टाकतच बघणार. जमिनीचं भाडं फीमध्ये धरलेलं असतं.

राहता राहिले पन्नाशीचे काका. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून येतात, आणि त्याच डॉक्टरांनी बीपीची गोळीही दिलेली असते. काहींना प्रोस्टेटची, जिच्यामुळे नुसतं खुर्चीतून उठलं तरी दाब घसरू शकतो. डॉक्टरांना जिममध्ये काय चालतं ठाऊक नाही, जिमला गोळीचा पत्ता नाही. प्रवेशअर्जावर ध्येयाचे रकाने भरपूर: वजन घटवणे, वजन वाढवणे, सिक्स पॅक, इतर. त्याखाली बारीक टाइपात 'काही आजार / चालू औषधे'. काका चष्मा वर करून तो रकाना वाचतात आणि वळणदार अक्षरात लिहितात, 'नाही'. मी परवा एका काकांना विचारलं, अहो, बीपीची गोळी चालू आहे ना तुमची?

"आहे की," ते म्हणाले. "पण ती रात्री घेतो. जिम सकाळी असते."