सविनय स्मरण, मद्रासहून

चेन्नईच्या ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगतच्या त्या काचेच्या इमारतींत, आपल्याकडची बरीच मुलं नोकरीला आहेत. ती तमिळ शिकोत न शिकोत, 'जेंटल रिमाइंडर' लिहायला मात्र पहिल्याच महिन्यात शिकतात. रीत ठरलेली आहे. आधी मनातलं टाइप करायचं: 'अहो, आहात की गेलात?' ते खोडून 'आपण कुशल असाल अशी आशा आहे' लिहायचं. 'तीन आठवडे झाले' याचं 'आपण कामात असाल याची कल्पना आहे' करून घ्यायचं. काम झालेलं नसतानाच आभार मानून मोकळं व्हायचं. तिसऱ्या मेलला साहेबांना सीसीत घ्यायचं. सरकारी कचेऱ्यांत हेच सारं स्मरणपत्र क्र. 1, 2, 3 आणि शेवटी अर्धशासकीय पत्र अशा क्रमानं वर्षानुवर्षं चालत आलंय. आपली नम्रता जसजशी वाढते, तसतसा समोरचा निर्धास्त होतो. हा गडी पुन्हा लिहिणार, आणि तेही दिलगिरी व्यक्त करून, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

याच शहरात 1912 साली बंदराच्या कचेरीत, पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात, महिना 30 रुपयांवर एक कारकून लागले. नाव श्रीनिवास रामानुजन. केंब्रिजच्या बेकर आणि हॉबसन या मोठ्या गणितज्ञांना त्यांनी पत्रं धाडली; हाती काही लागलं नाही. (हे दोघेही सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले. हॉबसन 1878 चे, आपल्या रँग्लर परांजप्यांच्या 21 वर्षं आधीचे. पहिला नंबर आला म्हणून माणूस टपाल वाचतोच असं नाही.) आता रिवाजाप्रमाणे रामानुजननी हॉबसनना 'माझ्या खालील पत्राच्या अनुषंगाने' असं काही लिहायला हवं होतं. बेकरना सीसीत ठेवता आलं असतं. त्यांनी पत्ताच बदलला. 16 जानेवारी 1913 रोजी, पोंगलच्या सुमारास, केंब्रिजचेच गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना सुमारे 120 प्रमेयं पाठवून दिली. त्या आठवड्यात आज ओएमआरवर मेल टाकला तर सुट्टीवर असल्याचा स्वयंचलित निरोप तेवढा परत येतो.

हार्डींना आधी वाटलं, कोणीतरी आपली थट्टा करतंय. मग सहकारी लिटलवुडना बसवून त्यांनी ते कागद नीट पाहिले आणि 8 फेब्रुवारीला उत्तर लिहिलं. मद्रासचं पत्र निघाल्यापासून 23 दिवस, बोटीचा सगळा प्रवास धरून. वरच्या मजल्यावरच्या फायनान्सकडून प्रवासखर्चाचं बिल मंजूर व्हायला याहून जास्त लागतात, आणि तिथे लिफ्ट आहे.

पण खरी मजा पुढच्या पत्रात आहे. हार्डींनी सिद्धता मागितल्या होत्या. 27 फेब्रुवारीच्या उत्तरात रामानुजननी आपल्या उपपत्तीनुसार 1 + 2 + 3 + 4 अशी न संपणारी बेरीज उणे 1/12 येते असं कळवलं, आणि हे वाचून तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवाल, असंही स्वतःच लिहून टाकलं. मग सरळ मुद्दा: मी अर्धपोटी आहे, डोकं शाबूत राहायचं तर पोटाला हवं, तुमचं सहानुभूतीचं एखादं पत्र आलं तर इथे शिष्यवृत्ती मिळायला मदत होईल.

आमच्या एखाद्या एचआरच्या हातून हा मजकूर गेला असता तर? 'पोषणविषयक काही बाबींवर आपल्या सोयीने संवाद साधायला आवडेल. घाई नाही.' हार्डींनी तो वाचून फाइल केला असता आणि क्रिकेट बघायला गेले असते.

मे 1913 पासून मद्रास विद्यापीठानं रामानुजनना महिना 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिसावरून पंचाहत्तर, अडीचपट. ओएमआरवर एवढी वाढ हवी तर नोकरी बदलावी लागते, आणि मग जुन्या कंपनीकडे रिलीव्हिंग लेटरसाठी जेंटल रिमाइंडर सुरू करावे लागतात.