बायकोचे दहा, मेहुण्याचे पंधरा

लग्न केलं नाही म्हणून आपल्याकडे माणसाला आजवर फक्त प्रश्न मिळत आले. कॅनडा गुण देतो.

पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, गुणतक्ता काढून बघा. एकोणतीस वर्षांचा मुलगा एकटा असेल तर वयाचे 110; बायकोला घेऊन यायचं म्हणाला तर 100. मास्टर्सचे एकट्याला 135, जोडीने 126. विद्यापीठ तेच, गुणपत्रिका तीच, पण अक्षता पडल्या आणि पदवीतले नऊ गुण झडले. इंग्रजी उत्तम असलं तरी चार विभागांत मिळून आठ गुण खाली येतं. मंगलाष्टकांचा आवाज फार मोठा असतो, हे मी पूर्वीपासून सांगतोय. लग्न टाळून नुसतं एकत्र राहू म्हणाल तर तेही नाही. सलग 12 महिने संसार थाटून राहिलात की फॉर्मच्या लेखी जोडपंच.

घाबरायचं कारण नाही म्हणे. नवऱ्याचे सगळे धरून जास्तीत जास्त 40 गुण कापले जातात, ते बायको भरून काढू शकते. तिच्या भाषेचे जास्तीत जास्त 20, तिथल्या नोकरीचे 10, शिक्षणाचे 10. बारावी झालेलीला 2, पदवीधर असेल तर 8, एम.ए.ला 10 आणि पीएच.डी.लाही 10. म्हणजे प्रबंधाची पाच वर्षं, गाइडची मर्जी, ग्रंथालयातली धूळ, या सगळ्याचे अधिक शून्य.

आता खरी मजा. सख्खा भाऊ किंवा बहीण कॅनडात राहत असेल, नागरिक किंवा पीआर असेल, तर सरळ 15. भावाला आयईएलटीएस नाही. त्याची पदवी कुणी बघत नाही. त्याने तुम्हाला विमानतळावर घ्यायला यावं अशीही अट नाही. बांधाच्या दीड फुटावरून ज्याच्याशी तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत तो भाऊ 15, आईच्या तेराव्यालाही न आलेला भाऊ 15, सावत्र असला तरी 15. बरं, हा भाऊ बायकोचा असला तरी चालतो! म्हणजे बायकोने रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली त्याचे 10, आणि तिचा धाकटा भाऊ दोनदा एटीकेटी लागून, एजंटाला पैसे चारून कसाबसा ब्रॅम्प्टनला पोचला आणि यथावकाश पीआर झाला त्याचे 15. आयुष्यभर ज्याला ‘तुझा तो भाऊ’ म्हणून नाक मुरडलं, तो मेहुणा आता कुटुंबातली सर्वांत सुशिक्षित व्यक्ती ठरतो. पुढची पायरी मला स्वच्छ दिसते. बायोडेटात गण आणि नाडीच्या खाली नवी ओळ येईल : ‘मुलीचा भाऊ टोरंटोस्थित, पीआर.’ मुलाची आई पोह्यांची बशी खाली ठेवून विचारेल, ‘दोन भाऊ आहेत म्हणता, दोघेही तिकडेच का?’ आणि कोपऱ्यातले काका, ज्यांनी तक्ता पाठ केलाय, हळूच सांगतील की वहिनी, दोन असले तरी पंधराच. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात मेहुणा बसत नाही, हे वकिलाला विचारून घेतलेलं बरं.

मुलीकडचे म्हणतात, आधी पीआर, मग साखरपुडा. वर्क परमिटवरचा मुलगा म्हटलं की ते चहा अर्धा टाकून उठतात. मुलगा हिशेब घालतो की आधी लग्न केलं तर गुण जातात. दोघंही थांबतात. वय थांबत नाही. तीस पूर्ण झाली की 105, पस्तीसला 77, चाळीसला 50. इकडे मावशी म्हणते वय निघून चाललंय; तिकडे संगणक तेच म्हणतो, फक्त आकड्यात. काही शहाणे लग्न उरकतात आणि फॉर्मवर ‘पत्नी सोबत येणार नाही’ असं लिहून पुन्हा एकटे होतात. झडलेले गुण परत उगवतात. पण बायको आहे हेच लपवलं, तर तिला पुढे पत्नी म्हणून कधीच बोलावता येत नाही.

इथवर हसलो. पण ज्याच्यावर हा हिशेब लावलाय तो मुलगा काही नाशिकला बसून अर्ज करत नाही. तो तिथेच आहे, गोदामात रात्रपाळी करतोय, बर्फात बसची वाट बघतोय, गिऱ्हाइकांशी दिवसभर इंग्रजीत बोलतोय. तरी त्याच्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो, पुन्हा पैसे भरा, पुन्हा पेपर द्या. दोन वर्षांत तो काय मराठीत कॅनडा चालवत होता? 2025 मध्ये तिथे काम केलेल्यांना पीआरचं निमंत्रण देणाऱ्या ड्रॉचा कटऑफ पाचशेच्या वरच राहिला, म्हणून पोरं आता फ्रेंचच्या क्लासला बसलीत. त्याचे वेगळे 50 मिळू शकतात. अरे, पहिल्या पगारातून कर कापलात, पेन्शनचे कापलेत, बेकारी विम्याचे कापलेत, तेव्हा विचारलंत का कुणी, वय किती, मास्टर्स झालंय का, लग्न झालंय का, मेहुणा कुठे असतो? पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला वयाचे गुण शून्य होतात. त्या पंधरवड्याच्या पगारातली कपात मात्र पूर्ण होते.