खिडकीतला डोंगर

गेली अठरा वर्षं मी घरमालक आहे. कोथरूडला आमचा दुसरा फ्लॅट आहे, टू बीएचके, आणि भाडेकरू कसा पारखावा हे कुणी मला शिकवू नये. आलेल्या माणसाला आधी पाणी. मग आडनाव, मग कंपनी, मग 'घरी कोण कोण असतं?' आणि तो सोफ्यावर जरा सैलावला की हळूच, 'खाण्यापिण्याचं कसं?' एवढ्या चाळण्यांतून जो खाली उतरेल त्याच्याशी अकरा महिन्यांचा करार. डिपॉझिट मी एफडीत ठेवतो. व्याज कुणाचं, असं आजवर एकाही भाडेकरूनं विचारलेलं नाही, आणि रंगकामाचे पैसे कापल्यावर विचारण्यासारखं फारसं उरतही नाही.

असा मी, गेल्या वर्षी बर्लिनमध्ये तीन महिन्यांसाठी घर शोधायला बसलो. पुण्यात बसून.

कारण लेक. तिला जानेवारीत बाळ होणार होतं आणि तिचं घर दोन खोल्यांचं. तिकडे बीएचके नसतं. नुसत्या खोल्या मोजतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत धरत नाहीत, म्हणजे त्यांचं दोन खोल्यांचं घर हा आपला वन बीएचके. क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर, आपले जेमतेम ५१७ चौरस फूट. बिल्टअप नाही, सुपर बिल्टअप नाही, जेवढं आहे तेवढंच सांगतात. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका बिल्डरला त्या देशाची फार कीव आली. तर त्या ५१७ फुटांत लेक, जावई, येणारं बाळ आणि जावयाची सायकल. सायकल बाहेर ठेवायची नाही, ती घरचीच मानतात. आम्हा दोघांसाठी जवळपास वेगळी जागा बघणं भाग होतं. तीही नव्वद दिवसांपुरती, कारण शेंगेनचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो. बाळाच्या अंघोळी-मालिशीला किती महिने लागतात हे ठरवताना त्यांनी एकाही आजीला विचारलेलं दिसत नाही.

जाहिराती वाचायला लागलो. भाडं दोन प्रकारचं असतं, थंड आणि गरम. मला वाटलं, उन्हाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं. तसं नाही. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं, गरम म्हणजे हीटर, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हींत नाही. शिवाय रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क घरटी महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही असो वा नसो. साध्या लांब मुदतीच्या भाड्याच्या घरात तर स्वयंपाकघर आहे की नाही तेही बघून घ्यावं लागतं. ओटा, कपाटं, शेगडी, सगळं जुना भाडेकरू उपसून सोबत नेतो. आमचे भाडेकरू बल्ब काढून नेतात तर मी सोसायटीभर बोंब मारतो.

काही जाहिरातींत ठळक लिहिलेलं, 'पत्त्याची नोंदणी करता येणार नाही.' तिथं राहायला गेलेल्या माणसानं घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांचं पुढचं पुष्कळ काही त्या एका कागदाला टांगलेलं असतं. तीन महिन्यांच्या पाहुण्यांना त्याची गरज नव्हती. आम्ही तसं कळवलंही. उत्तर आलं, 'गरज नसली तरी मिळणार नाही.' हा मालक मला आवडला. आणखी एकाला फक्त शनिवार-रविवार आपल्या गावी जाणारा भाडेकरू हवा होता. भाडं पूर्ण द्यायचं आणि राहायचं कमी. अठरा वर्षांत हे मला कसं सुचलं नाही?

भाडेकरूनं मालकाला स्वतःविषयी चार ओळी लिहून पाठवायच्या असतात. मी लिहिल्या. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त, निर्व्यसनी, कुटुंब सुसंस्कृत, मुलगी सुस्थळी पडलेली, स्वतःचा फ्लॅट. लेक वाचून म्हणाली, "बाबा, हा स्थळाचा बायोडेटा झाला. नाडी आणि रास तेवढी राहिलीय." बासष्ट जणांना पाठवला. उत्तरं तीन. त्यातल्या एकानं 'शूफा' मागितला. शूफा म्हणजे आपल्या सिबिलचा जर्मन चुलतभाऊ. मी सिबिलचा अहवाल पाठवला, आकडा चांगला आठशेच्या वर. त्यानं परत विचारलं, हा कशाचा रिपोर्ट आहे? घरात कुणी आजारी आहे का?

दोष एकट्या मालकांचा नाही. ज्या शहरात ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक भाड्यानं राहतात तिथं भाडं हेच राजकारण. सरकारनं २०२० मध्ये भाड्यांवर झाकण घातलं, २०२१ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ते उडवलं, सप्टेंबरात शहरानं मोठ्या कंपन्यांची घरं सरकारनं ताब्यात घ्यावीत असं बहुमतानं मतदान केलं, आणि त्यानंतर काय झालं हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. पर्यटकांना दिवसावारी घर देण्यावर २०१४ पासून कायदा आहे. २०१८ मध्ये तो आणखी आवळला: नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात नाही आणि दंड पाच लाख युरोपर्यंत. कायदा मला पटतो.

अशातच ती जाहिरात आली. प्रेन्झ्लाउअर बेर्ग या टुमदार वस्तीत ७० चौरस मीटर, लाकडी जमीन, बाल्कनी, धुण्याचं मशीन. गरम भाडं ६२० युरो. मालक इंजिनियर, नोकरीनिमित्त सहकुटुंब लंडनला. घर दाखवायला येणं जमत नाही, माणसं चांगली हवीत एवढंच, भाड्याचं फार नाही. ('भाड्याचं फार नाही' म्हणणारा मालक मी आरशातसुद्धा पाहिलेला नाही. तरीही.) त्यानं पासपोर्टची प्रत पाठवली, मुलांचा फोटो पाठवला, आमच्या लेकीला शुभेच्छा पाठवल्या. दोन महिन्यांचं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट भरलं की चावी कुरियरनं येणार, जागा पसंत नाही पडली तर पैसे परत. माझा बायोडेटा त्याला मनापासून आवडला होता. आवडलेला तो एकटाच.

तीस वर्षं लोकांना 'अनोळखी खात्यात पैसे पाठवू नका' असं काउंटरवरून बजावलेला मी, माझ्याच जुन्या बँकेत जाऊन बसलो. परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरला. रक्कम साधारण अडीच लाख रुपये. कारणाच्या रकान्यापाशी पेन थबकलं तेवढ्यात शेजारी बसलेल्या सौ.नी मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"अहो, या खिडकीतून डोंगर दिसतोय."

"मग दिसू दे की."

"बर्फाचा."

मी तिला समजावलं की बेर्ग म्हणजेच जर्मनमध्ये डोंगर, वस्तीच्या नावातच डोंगर आहे. तिनं माझ्याशी वाद घातला नाही. लेकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. लेक म्हणाली, "आई, इथे क्रॉइत्सबेर्ग आहे, शोनेबेर्ग आहे, आणि शहर भाकरीसारखं सपाट आहे. क्रॉइत्सबेर्गची टेकडी ६६ मीटर. टॉयफेल्सबेर्ग १२० मीटर, ती महायुद्धात पडलेल्या घरांच्या राडारोड्यानं रचलेली. बर्फाचा डोंगर बघायचा तर आल्प्सला जावं लागेल. बाबा कुठे आहेत?" काउंटरमागचा मुलगा, ज्याला मी नोकरीला लागताना व्हाउचर भरायला शिकवलं होतं, त्यानं फॉर्म माझ्या हातातून अलगद काढून घेतला. घरी येऊन शोधलं तर तोच फोटो ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलचा निघाला.

मधल्या काळात व्हिसाचं निराळंच. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पत्ता हवा, पत्ता देणाऱ्या मालकाला आधी व्हिसा हवा. शेवटी लेकीनं पोट सांभाळत तिथल्या कचेरीत जाऊन आमच्यासाठी हमीपत्र करून दिलं. तीस हजार युरोंचा प्रवासविमा आम्ही काढला. तो व्हिसाला सक्तीचा असतो.

घर मिळालं ते जावयाच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून. ती विद्यार्थिनी, तीन महिन्यांसाठी लिस्बनला चाललेली, मूळ मालकाची लेखी परवानगी घेऊन आपलं घर पोटभाड्यानं देणारी. वस्तीचं नाव वेडिंग. 'वेडिंगमध्ये घर मिळतंय' हे मेहुणीला सांगितलं तर तिनं विचारलं, मुलगी कुठली? व्हिडिओवर मुलाखत ठरली ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या दिवशी युरोपातली घड्याळं तासभर मागं जातात हे मला ठाऊक नव्हतं. इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा वेशात मी तासभर काळ्या पडद्याला नमस्कार करून बसलो होतो.

मग ती आली. वय चोवीस-पंचवीस. चेहऱ्यावर माझंच हसू, म्हणजे घर दाखवताना मी जे हसतो ते. काय करता? कोण कोण राहणार? पाहुणे येतात का? कुंड्यांना पाणी घालाल? मी सैलावलो. आणि मग तिनं हळूच विचारलं, "तुमचं खाण्यापिण्याचं कसं?"

मी छाती काढून सांगितलं, "शुद्ध शाकाहारी."

"छान. मी व्हीगन आहे. माझ्या भांड्यांत दूध, लोणी, चीज चालत नाही. तुम्ही तूप वापरता का?"

खोलीत शांतता पसरली. आमच्या मागे ओट्यावर डिंकाच्या लाडवांसाठी काढून ठेवलेली दोन किलो साजूक तुपाची बरणी होती, आणि ती कॅमेऱ्यात येत होती. सौ. उठून बरणीच्या पुढे उभी राहिली. मी म्हणालो, "क्वचित." आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एक नांदेडचा मुलगा राहून गेला. कचऱ्याच्या पिशवीत अंड्याची टरफलं सापडली म्हणून मी त्याला महिन्याच्या नोटिशीवर घालवलं होतं. तोही असंच म्हणाला होता, काका, क्वचित.

तडजोड झाली. आमची कढई, पातेलं आणि तवा आम्ही पुण्याहून न्यायचा, तिची भांडी वरच्या कपाटात कुलूपबंद. भाडं बाराशे युरो गरम, डिपॉझिट एका थंड भाड्याएवढं. तिथं कायद्यानं तीन थंड भाड्यांवर डिपॉझिट घेता येत नाही आणि ते बँकेत वेगळं ठेवून व्याजासकट परत करावं लागतं. हे तिनं स्वतःहून सांगितलं. मी विषय बदलला.

घर मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बर्लिनच्या जुन्या चाळवजा इमारती एकामागे एक चौक घेऊन उभ्या असतात. पुढचं घर, बाजूची पाखं, मग मागचं घर. १८५३ च्या नियमात चौकाची रुंदी सव्वापाच मीटरच्या जरा वर ठरलेली, तीही ऊन-वाऱ्यासाठी नव्हे, आगीचा बंब वळावा म्हणून. सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझं लहानपण गेलं, त्यामुळे मला तो अंधार लगेच ओळखीचा वाटला. पायऱ्या ९२. पर्वतीला १०३ आहेत, पण वर गेल्यावर देऊळ लागतं. दारावर नंबर नाही. तिकडे बेलवरचं आडनाव हाच फ्लॅटचा पत्ता. तिच्या नावाखाली आमच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवली. तेवढी पाटी मात्र मी हौसेनं लिहिली.

करारात तीन पानं नियमांची. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही, रविवारी दिवसभर नाही, म्हणजे चटणी शनिवारीच वाटून ठेवायची. आणि भिंतीला बुरशी धरू नये म्हणून दिवसातून तीनदा खिडक्या सताड उघडायच्या. जानेवारीत. उणे चारमध्ये. लेक अकरा दिवसांचं बाळ घेऊन आमच्याकडे आली त्या दुपारी सौ. तिच्या कानाला रुमाल बांधत होती आणि मी कराराप्रमाणे खिडकी उघडत होतो. "बाळंतिणीला वारा लागेल!" ती ओरडली. मी खिडकी लावली. सौ.नी लसणाची फोडणी टाकली. धूर कोंडला, छतावरचा धुराचा अलार्म किंचाळला. तो तिकडे प्रत्येक घरात सक्तीचा आहे. खालच्या मजल्यावरून काठीनं तीन ठोके आले. या सगळ्यात बाळ तेवढं झोपून होतं.

मार्चमध्ये परतलो. डिपॉझिट नवव्या दिवशी खात्यात आलं, पूर्ण. रंगकामाचा उल्लेख नाही.

आता मुद्द्याचं. कोथरूडचा फ्लॅट येत्या एक तारखेपासून रिकामा होतोय. फॅमिलीला प्राधान्य, अकरा महिने, पोलीस व्हेरिफिकेशन माझ्याकडे. जुन्या अटी कायम, दोन नव्या: रोज तीनदा खिडक्या उघडायच्या आणि रविवारी मिक्सर नाही. अंड्याचं भेटीत बोलू. फोटोत हॉलच्या खिडकीतून डोंगर दिसतो, तो वेताळ टेकडीचा आहे आणि खरा आहे. डिपॉझिट द्यायच्या आधी एकदा येऊन बघून जा.