दादाचा तक्ता

माझा चुलतभाऊ दादा बैजिक भूमितीत संशोधन करतो. म्हणजे नक्की काय करतो, हे विचारायचं धाडस घरात फक्त आजीने केलं, तेही पंगतीत. दादाने पानातली टम्म पुरी उचलली. "आजी, हा पृष्ठभाग. हा आकसत आकसत एका बिंदूत गेला, बाकीचं पान जसंच्या तसं राहिलं. असं किती तऱ्हांनी होऊ शकतं, त्याची यादी करायची."

"एकाच तऱ्हेने होतं. खा," आजी म्हणाली.

दादाच्या आकृत्या तीन मितींच्या असतात. पण त्या मिती संमिश्र संख्यांच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा. सहा मोजून तीन सांगणारा माणूस वाण्याच्या दुकानात आठवडाभर टिकला नसता. याला त्याबद्दल पगार मिळतो.

त्याचं दैवत शिगेफुमी मोरी. गुळगुळीत त्रिमितीय आकृतीतला पृष्ठभाग मोरींच्या नियमाने आकसला तर प्रकार पाचच, हे त्यांनी १९८२ साली दाखवलं: एकात तो वक्ररेषेवर बसतो, उरलेल्या चारांत बिंदूत जातो. १९९० साली क्योटोत त्यांना फील्ड्स पदक मिळालं. 'ई-वन ते ई-फाइव्ह' हे पाच प्रकार दादा आंघोळ करताना स्तोत्रासारखे म्हणतो.

बिंदूचा पुन्हा पृष्ठभाग करणं म्हणजे ब्लो-अप. मराठीत, फुगणं. आमच्या घराण्याला हा विषय शिकवावा लागत नाही. थोरले काका आणि धाकटे काका गेली बारा वर्षं एकमेकांवर फुगून आहेत.

दिवाळीत समेटाची बैठक बसली. सुरुवात कोणी केली, यावर आवाज चढले, तसा दादा पुढे सरसावला.

"कोणी केली ते सोडा. मासायुकी कावाकितांनी २००१ साली सिद्ध केलंय. मूळ आकृतीत थोडे सौम्य दोष चालवून घेतले, तरी आकसून झालेला बिंदू गुळगुळीत असेल, तर फुगणं एकाच साच्याचं असतं. तीन दिशांना वजनं १, अ आणि ब. अ आणि ब यांत १ सोडून सामाईक विभाजक नाही." त्याने दोन्ही काकांकडे बोट केलं. "हे अ, हे ब. विहीर एक सोडली तर सामाईक काही नाही. तंतोतंत बसतंय!"

"दाद्या, ऊठ इथून!" दोन्ही काका एका सुरात ओरडले.

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. आजीने डोळ्यांना पदर लावला. दादाचा चेहरा मात्र उतरला. अपमानाने नव्हे, विहिरीखेरीज दुसरी सामाईक गोष्ट निघाली होती.

रात्री तो माळ्यावर जाडजूड वही उलटत बसलेला दिसला.

"बिंदू मुळात गुळगुळीत नव्हताच," तो खुशीत म्हणाला. "सिंग्युलर होता. त्याचे तक्ते वेगळे. आणि पुष्कळ!"