भाव शेतकऱ्याला सांगू द्या

लासूर स्टेशनच्या बाजारात व्यापारी ढिगातले दोन-चार कांदे उचलतो, दाबून बघतो आणि आकडा बोलतो. पिकवणारा बाजूला उभा राहून ऐकतो. लिलाव आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे तो असा, भाव दुसऱ्याने सांगायचा. पाणी आणि माती राखण्याच्या कामात हे उलटं करता येतं, आणि करायलाच हवं.

सध्या अशा कामाच्या अनुदानाचा सरकार एकच दर ठरवतं, शेतकरी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज टाकतो, मग कधी सोडत, कधी अर्जाचा क्रम. कोणाच्या उतारावरून सगळ्यात जास्त माती जाते, हे कोणी विचारतच नाही. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, 50 हजारांपर्यंत अनुदान. पाऊस अडवायला काढलेल्या कितीतरी तळ्यांत प्लास्टिक अंथरलं गेलं आणि ती विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली. भूगर्भातलं पाणी उपसून मराठवाड्याच्या उन्हात ठेवलं, तेही सरकारी पैशाने. शेतकऱ्याला दोष देऊ नका, त्याला मोसंबी जगवायची होती. पैसा खड्ड्याला मिळत होता, जमिनीत मुरलेल्या पाण्याला नव्हता.

छत्रपती संभाजीनगरचा हर्सूल तलाव घ्या. जटवाड्याच्या डोंगरातून खाम नदी निघते, तलावात येते आणि जुन्या शहराच्या काही भागाची तहान भागवते. वरच्या शिवारात बांध फुटले की तिथली माती तलावात बसते. म्हणजे वरच्या शेतकऱ्याने बांध धरला तर फायदा शहराचा. मग मोबदला शहराने द्यावा. महापालिकेने वरच्या गावांना विचारावं: उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, ओघळीच्या कडेला करंज-लिंब, यातलं काय कराल आणि एकरी काय घ्याल? बोली बंद पाकिटात. कमी पैशात ज्याच्या शेतातून जास्त माती अडेल, त्याला आधी काम.

अमेरिकेत 1985 च्या कायद्यापासून शेतकरी जमीन पडीक ठेवून गवत-झाडं राखण्याचं भाडं स्वतः मागतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2001 मध्ये रानझाडी राखण्यासाठी अशाच बोली मागवल्या. पण आपल्या कामाचा दाखला मलावीचा, कारण तिथले शेतकरीही लहान. झाडं लावण्याचे करार काहींना सोडतीने दिले, काहींना बोलीने. तीन वर्षांनी पाहिलं, तर बोलीतून आलेल्यांची झाडं जास्त जगली होती. काम आपल्याला झेपेल का आणि किती पैशात, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. सोडतीच्या चिठ्ठीला ते कळत नाही.

धोके आहेत, आणि ते खरे आहेत. सावकाराच्या तगाद्यात अडकलेला माणूस पडेल भावात बोली लावेल, म्हणून मजुरी आणि बुडालेलं पीक भरून निघेल असा किमान दर आधी बांधून द्यावा. अमेरिकेत सरकारची वरची मर्यादा शेतकऱ्यांनी ओळखली आणि बोल्या तिथेच जाऊन बसल्या. आपल्याकडे तर तो आकडा पाकिटं फुटण्याआधी चावडीवर पोचेल. तो खरोखर गुप्त राहिला पाहिजे. शेजारच्याला जास्त मिळाले म्हणून बांधावर भांडण नको, तर निवड झालेल्यांतल्या सगळ्यात वरच्या बोलीचा दर सर्वांनाच द्यावा. बटईने कसणाऱ्याचा वाटा करारातच लिहावा, नाहीतर घाम त्याचा आणि पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला. ठेकेदाराला या पाकिटांच्या जवळपासही फिरकू देऊ नये. गावच्या नावाने त्यानेच बोली भरली, तर सगळं मुसळ केरात.

पाणीपट्टीतला थोडा भाग यासाठी बाजूला काढा. बोली उन्हाळ्यात उघडा, म्हणजे मृगाआधी बांध घालून होतील. निम्मे पैसे बांध घातल्यावर, उरलेले दिवाळीला, बांध शाबूत दिसला तर.