नारळ उभा राहिला पाहिजे

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात बाहेरगावचा माणूस उतरतो तो बहुधा दर्गा-ए-हकीमीसाठी. आमचे एक साहेब मात्र भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. करून, यंत्र घेऊन, केळीवाल्यांना बोअरची जागा दाखवायला इथे आले. धंदा तसा बिनतोड. केळीची तहान मोठी; एक बोअर आटला की दुसरा मारावाच लागतो.

साहेब शेतात जाऊन चार खुंट्या एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोघींवर मोजायची, मग अंतर वाढवून पुन्हा तेच. आकडे मांडले की खालच्या काळ्या कातळात भेगांचा थर कुठे असेल, याचा अंदाज येतो. भर उन्हात सकाळची दुपार होते. मग शेतमालक दादा विचारतात, ''झालं? चार खिळे ठोकायचे कशाचे पैसे, भाऊ?''

आता पाणाड्या बाबांकडे बघा. ते येतात कुणाच्या तरी फटफटीवर मागे बसून. चपला काढतात, तळहातावर नारळ आडवा ठेवतात आणि डोळे मिटून बांधावरून चालू लागतात. मागे घरचे, शेजारचे आणि रस्त्याने जाता जाता थांबलेले. निंबाच्या झाडापाशी नारळ टुणकन उभा राहतो. संपलं! दक्षिणा, टॉवेल-टोपी, पुरणपोळीचं जेवण. कोटेशन कुणी मागत नाही.

बाबांचा बोअर कोरडा गेला तर नशिबात पाणी नव्हतं. साहेबांचा कोरडा गेला तर मशीन चायनाची. बोअरचा गाडीवाला मात्र दोन्ही वेळा फुटाचा हिशेब करून नोटा मोजून घेतो. त्याच्याशी वाद नाही, कारण धुरळा गावभर दिसलेला असतो.

साहेबांचा सगळ्यात महाग सल्ला एकाच वाक्याचा असतो: ''इथे मारू नका.'' त्यात शेतकऱ्याचे पाचशे फुटांचे पैसे वाचतात. पण जे पाणी निघालंच नाही, त्याची फी कोण देणार? दादा हात जोडून साहेबांना वाटेला लावतात आणि संध्याकाळी त्याच जागी बाबांना बोलावतात.

हे सगळं कुठल्या गावात, तर जिथे 1615 मध्ये जहांगीरच्या राज्यात, अब्दुल रहीम खानखानांच्या अमदानीत कुंडी भंडारा झाला तिथे. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी वाटेत अडवायचं आणि भुयारांतून, विहिरीसारख्या शंभरावर कुंड्यांखालून, नुसत्या उतारावर शहरात आणायचं. ना मोटार, ना वीज. ही अक्कल इराणहून आलेल्या भूगर्भतज्ज्ञाची, असं सांगतात. खानखाना दानशूर म्हणून प्रसिद्ध, पण माझ्या मते त्यांची खरी थोरवी ही की त्यांनी त्या गृहस्थाला ''नुसतं बघून सांगायचे पैसे?'' असं विचारलं नसावं. आज तीन कोटेशनं आली असती, सगळ्यात कमी दराच्या माणसाला काम मिळालं असतं आणि त्याने टँकर लावले असते. तसा पुढे आमच्या जिल्ह्याला 2022 मध्ये 'हर घर जल'चा देशातला पहिला दाखलाही मिळाला आणि 2024 मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेला. पण बोअरची जागा अजून नारळच ठरवतो.

साहेबांना कुणीतरी सांगितलं, आपल्या कामाची किंमत गिऱ्हाइकाला समजावून द्या. त्यांनी रंगीत पत्रक छापलं. कातळाचा उभा छेद, थरांची नावं, सगळं. पत्रकं गावभर गेली. पुढच्या आठवड्यात एका दुकानात मावा जलेबी त्यावरच मिळाली. भेगांचा थर तुपाने छान पारदर्शक झाला होता.

साहेब शहाणे झाले. त्यांनी नवा दरफलक लावला: 'नुसतं यंत्र 1500. यंत्र, नारळासह 5100.' पहिल्याच दिवशी एक काका आले. फलक दोनदा वाचला, यंत्राकडे बघितलंही नाही.

''साहेब, नारळ घरचा दिला तर कितीत जमेल?''